आळंदच्या गुकुकाची बाजू

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद गावी सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी एक निशाचर पक्षी होता, तो ज्या घरावर बसे त्या घरातील माणूस मरे, आणि त्यास मारू पाहणाऱ्यावर त्याच्या मुखातून अग्नी बाहेर पडे. ही हकीकत कोणा पुराणिकाने सांगितलेली नसून एका परदेशी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेली आहे, सबब ती खरी मानून त्या पक्ष्याचा शोध घेतला पाहिजे, असे म्हणणारे लोक आहेत. अज्ञात प्राण्यांच्या मागावर राहण्याचा ज्यांना छंद आहे, ते जावा बेटावरील अहूल, न्यू गिनीच्या बाजूचा रोपेन, झांजिबारनजीकच्या पेंबा बेटावरील पोपोबावा अशा पंखधारी अद्भुतांच्या पंक्तीस आमच्या आळंदच्या या पक्ष्यालाही नेऊन बसवू पाहतात. दुसरीकडे, ही सारी अडाण्यांची थाप आणि एका भोळ्या प्रवाशाची फसगत, असे म्हणून तो कागद मिटून बाजूस सारणारेही आहेत. या दोन्ही पक्षांशी माझा वाद आहे. पहिल्याने पक्षी ओळखला नाही आणि दुसऱ्याने आळंदची माणसे ओळखली नाहीत, असे माझे म्हणणे असून ते मी यथाशक्ती सिद्ध करणार आहे.

प्रथम मूळ मजकूर पाहू. लिहिणारा अफनासी निकितीन, रशियातील त्वेर शहरचा व्यापारी. कास्पियन समुद्र, इराण आणि अरबी समुद्र ओलांडून तो इसवी सनाच्या १४७० च्या आसपास चौलच्या बंदरी उतरला, जुन्नरास पावसाळ्यात अडकून पडला, तेथील खानाने त्याचा घोडा हिसकावून घेऊन धर्म बदलण्याची अट घातली तेव्हा मोठ्या संकटात सापडला, आणि त्यातून सुटून अखेर बहमनी राजधानी बिदर येथे येऊन पोहोचला. त्याची वही पुढे रशियन बखरींतून जपली गेली, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार कारामझिन यांच्या दृष्टीस पडली, आणि १८५७ साली लंडनच्या हाक्लूट संस्थेने पंधराव्या शतकातील हिंदुस्थानच्या प्रवासवृत्तांचा जो ग्रंथ काढला त्यात तिचा इंग्रजी तर्जुमा आला. स्वतः निकितीन मात्र परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच मरण पावला.

बिदरपासून बारा कोसांवर शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ दहा दिवस बाजार भरतो, तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे तो सांगतो. हे शेख अलाउद्दीन म्हणजे ज्यांना आपल्याकडचे लोक लाडले मशायख म्हणून ओळखतात ते आळंदचे अवलिया; त्यांच्या दर्ग्यावर आजही हिंदू-मुसलमान दोघांचीही रीघ असते. (हे आळंद म्हणजे इंद्रायणीकाठची ज्ञानेश्वरांची आळंदी नव्हे, एवढे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) बाजाराचे वर्णन आटोपल्यावर निकितीन लिहितो की, आळंदास गुकुक नावाचा एक पक्षी आहे, तो रात्री उडतो, ‘कुक-कुक’ असा आवाज करतो, ज्या घरावर बसेल तेथे माणूस मरतो, आणि जो त्याला मारू इच्छितो त्याच्यावर त्याच्या तोंडातून आग येते. यापलीकडे त्या पक्ष्याविषयी एक अक्षर नाही. त्याचा रंग नाही, आकार नाही, पंखांची लांबी नाही, ‘मी पाहिला’ हे दोन शब्दही नाहीत.

निकितीन कच्चा साक्षीदार नव्हता. बिदरच्या महालाचे वर्णन करताना त्याने सात दरवाजे मोजले, प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून बसलेले पाहिले, आणि आत जाणारा कोण व बाहेर पडणारा कोण याची नोंद ते कारकून कशी करतात हे लिहून ठेवले. राजधानीच्या दप्तरखान्याची ही तऱ्हा इतक्या नेमकेपणाने टिपणारा माणूस रात्री आळंदच्या वाटेवर एकाएकी गैरमाहितगार कसा होईल? तो तसा झालेला नाही. त्याने पाहिले ते पाहिल्यासारखे लिहिले आणि ऐकले ते ऐकल्यासारखे. गुकुकाच्या पाठोपाठ तो माकडांचा राजा, त्या राजाची फौज आणि माणसांविरुद्ध माकडांनी त्याच्यापुढे नेलेली फिर्याद यांची कथा सांगतो. ती फौज त्याने पाहिली असे कोणीही मानत नाही. मग त्याच पानावरचा, त्याच मुखांतून आलेला गुकुक तेवढा प्रत्यक्ष पाहिलेला, असे कोणत्या न्यायाने मानायचे?

आता नावाचा विचार करू, कारण या प्रकरणात सर्वांत बळकट साक्ष नावाचीच आहे. संस्कृतात घुबडास ‘उलूक’ आणि ‘कौशिक’ यांप्रमाणेच ‘घूक’ असेही नाव आहे. कन्नडात ‘गूगे’ आणि ‘गूबे’ हे शब्द घुबडाचेच. आमचे मराठी ‘घुबड’ आणि त्याच्या ओरडण्यास असलेला ‘घुत्कार’ हा शब्द याच नादाचे सोयरे आहेत. ज्या आळंद तालुक्यात आजही एका गल्लीत मराठी आणि पलीकडच्या गल्लीत कन्नड बोलतात, आठवड्याच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच तराजूवर तोलल्या जातात, तेथे एखाद्या परक्या माणसाने रात्री झाडावरच्या आवाजाकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले असता त्यास ‘घूक’ किंवा ‘गूगे’ याखेरीज दुसरे कोणते उत्तर मिळाले असेल? त्या शब्दास पक्ष्याचा स्वतःचा ‘कुक’ जोडला की रशियन कानाला ‘गुकुक’ ऐकू येण्यास काहीच आडकाठी नाही. काळ्या रानाच्या कडेला, दगडांच्या खाणींत आणि ओढ्यांच्या कपारींत राहणाऱ्या शृंगी घुबडाचा खोल, दोन मात्रांचा घुत्कार ज्याने माघाच्या थंडीत ऐकला असेल त्यास यापेक्षा अधिक खुलासा नको.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप आहे, आणि तो मी सर्वांत वजनदार समजतो. ते म्हणतात, रशियात घुबडे काय कमी आहेत? त्वेरच्या अरण्यांत वाढलेल्या माणसाने घुबड ओळखले नसते काय, आणि ओळखले असते तर सरळ आपल्या भाषेतला शब्द लिहिला नसता काय? ज्या अर्थी त्याने परका शब्द योजला त्या अर्थी तो प्राणीही परका होता. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु ज्याने निकितीनची वही लक्षपूर्वक वाचली आहे त्यास ठाऊक आहे की, हिंदुस्थानात घोड्यांना काय चारतात हे सांगताना त्याने हरभऱ्यासाठी रशियन शब्द न लिहिता तुर्की ‘नोहूत’ लिहिला, आणि साखर व तूप घालून शिजवलेल्या खिचडीला ‘किचिरीस’ असे इथल्याच नावाने पुकारले. दाणा-वैरण, कोस, मेळा, अवलियाचे नाव, जे जे त्याने जेथे ऐकले ते ते त्याने तेथल्याच शब्दांत टिपले; देशोदेशींच्या पेठांत वावरणाऱ्या व्यापाऱ्याची ती सवयच असते. नोहूत हे धान्य विज्ञानास अज्ञात आहे असे ज्याला म्हणावेसे वाटत नाही त्याने गुकुक अज्ञात आहे असे तरी का म्हणावे? शिवाय रात्री ऐकलेला पक्षी आणि दिवसा पाहिलेला पक्षी यांत अंतर असते. ज्याचा आवाजच ऐकला त्याचे आवाजाचेच नाव लिहिले, यात नवल ते काय?

राहता राहिला अग्नी, आणि सगळा वाद वस्तुतः याच अग्नीपाशी येऊन थांबतो. काहींनी त्यास निसर्गाचा आधार देण्याचा प्रयत्न केला आहे. १९०७-०८ साली इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रात्री प्रकाशमान दिसणारी गव्हाणी घुबडे पाहिल्याचे अनेकांनी सांगितले होते, आणि कुजक्या झाडांच्या ढोलीतील चमकणारी बुरशी पिसांना लागल्यामुळे तसे झाले असावे, असा तर्क तेव्हा करण्यात आला. तोच दाखला आळंदास लावावा असे ते सुचवतात. मला हा खटाटोप अनाठायी वाटतो. बुरशीचा उजेड पिसांवर असेल, तोंडात नसेल. आणि तो असलाच तर पाहणाऱ्याच्या मनात काय आहे याची चौकशी करून मग प्रकटणार नाही. वाक्याची रचना पुन्हा पाहा. गुकुक उडताना आग ओकत नाही, ओरडताना ओकत नाही, घरावर बसला असताना ओकत नाही. कोणी त्याला मारू इच्छिले, तरच ती आग येते. जी ज्वाला मनुष्याच्या हेतूवर अवलंबून आहे ती प्राण्याच्या शरीरात शोधणे म्हणजे सरकारी मनाईहुकुमातील दंडाची रक्कम जमिनीत खणून काढू पाहण्यासारखे आहे. ती ज्वाला हा निषेध आहे. आळंदच्या लोकांनी त्या पक्ष्याभोवती घातलेले ते कुंपण आहे.

आणि हे कुंपण का घालावे लागले, हेही त्याच वाक्याच्या पूर्वार्धात लिहिलेले आहे. पक्षी घरावर बसला की घरातले माणूस मरते, असा समज एकदा रुजला की पुढची गोष्ट उघड आहे; भ्यालेला घरधनी गोफण घेऊन बाहेर येणार. मृत्यूचा निरोप्या मारला तर मृत्यू टळेल, असे त्यास वाटणार. त्याच्या हातातली ती गोफण खाली ठेववण्यासाठी पूर्वार्धातील भयापेक्षा मोठे भय हवे होते, आणि ते उत्तरार्धाने पुरवले. दोन समजुती कुलूप आणि किल्लीसारख्या एकमेकींत बसलेल्या आहेत. प्रतिपक्ष त्यांना सुटे करतो, एकीतून विलक्षण शरीर घडवतो आणि दुसरी फेकून देतो, म्हणून त्यास कोडे पडते.

हे माझे कल्पनारंजन नव्हे, याची रुजुवात आमच्याच मुलखात करून घेता येते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्या ज्या ज्या माणसाला आजी होती त्याने लहानपणी ऐकलेले आहे की, घुबडाला दगड मारू नये. मारलाच तर घुबड तो दगड चोचीत उचलून नेते, नदीच्या पाण्यात घासत बसते, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूसही झिजत जाऊन अखेर संपतो. भालकीकडच्या आमच्या वाड्यात परसदारी चिंचेचे झाड होते, त्याच्या ढोलीत पिंगळ्यांचे जोडपे राहत असे, आणि सायंकाळी ते जोडपे डोळे वटारून बसले की मी हातात खडा घेत असे. तो खडा माझ्या हातून पाच-सहा वेळा तरी आजीने काढून घेतलेला मला आठवतो. तिने मला जीवदयेवर व्याख्यान दिले नाही. ‘बाळा, झिजशील,’ एवढेच ती म्हणाली. आळंदची आग आणि आमच्या आजीचा झिजणारा दगड ही एकाच कायद्याची दोन कलमे आहेत. एकात शिक्षा तत्काळ आहे, दुसऱ्यात सावकाश. परंतु अपराध तोच, आणि संरक्षण ज्याला दिले आहे तो जीवही तोच.

या पक्ष्याविषयी आमच्या लोकांचे मन नेहमीच दुहेरी राहिलेले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ व्या सूक्तात कपोत आणि उलूक हे अशुभाचे दूत म्हणून येतात व त्यांची पीडा टळावी अशी प्रार्थना केलेली आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात वडावरच्या निजलेल्या कावळ्यांचा संहार करणारे घुबड पाहूनच अश्वत्थाम्यास रात्रीच्या कत्तलीची बुद्धी सुचते. उलट पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा हा भविष्यवेत्ता ज्या पक्ष्याची बोली आपणास कळते असे सांगून घरधन्यास शुभवार्ता देतो, तो पक्षीही घुबडाच्याच कुळातला. त्याच्याच नावावरून त्या जोशाला पिंगळा म्हणतात. सीमेपलीकडे कन्नड गावांत डमरू वाजवत येणारा बुडबुडके ‘हालक्की’ या पक्ष्याच्या बोलण्यातून तेच शकुन सांगतो. म्हणजे संध्याकाळी ज्याच्या आवाजाने दार लावून घ्यायचे, पहाटे त्याच्याच नावाने आलेल्यास सुपातून धान्य घालायचे, अशी ही रीत. ज्याला एकच एक अर्थ हवा असतो त्याला ती विसंगत वाटेल. मला तीत शेतकऱ्याचे शहाणपण दिसते. कलबुर्गी हे तुरीचे कोठार आहे, बिदर-भालकीकडे ज्वारी आणि कडधान्ये आहेत, आणि जुन्या काळी हे धान्य जमिनीतल्या पेवांत व घरातल्या कणग्यांत साठवले जाई. त्या धान्याचा खरा चोर उंदीर. रात्री त्या चोराच्या पाठीवर उतरणारा पहारेकरी कोण, हे खळ्यावर निजणाऱ्या माणसाला विचारावे लागत नव्हते.

आता बेटांकडे वळतो, कारण प्रतिपक्षाचा सारा भरवसा बेटांवर आहे. ते म्हणतात, न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांतील माणसे उचलून नेणारा पोउआकाई हा प्रचंड पक्षी थोतांड समजला जात होता, आणि १८७१ साली तेथील दलदलीत महाकाय गरुडाची हाडे सापडली. मादागास्करच्या बाजूस हत्ती उचलणारा रुख पक्षी असल्याचे मार्को पोलोने ऐकले, आणि त्याच बेटावर आठ लिटरांहून अधिक पाणी मावेल अशी अंडी घालणाऱ्या, उडता न येणाऱ्या विशाल पक्ष्याचे अवशेष मिळाले. ही दोन्ही उदाहरणे मी मानतो. परंतु त्यांचे मर्म काय? ज्या बेटांवर मोठी श्वापदे पोहोचलीच नव्हती तेथे श्वापदांची जागा पक्ष्यांनी घेतली, शतसहस्र वर्षे निर्वेध वाढून ते अवाढव्य झाले, आणि माणूस तेथे उतरल्यावर थोड्याच शतकांत नष्ट झाले. हाडे उरली, अंडी उरली, कथा उरली. यांतली कोणती परिस्थिती आळंदास लागू पडते? आळंद हे समुद्राने वेढलेले नव्हते, ते दख्खनच्या पठारावर, बिदर आणि गुलबर्गा या दोन राजधान्यांच्या टापूत होते. चौल-दाभोळच्या बंदरांतून उतरलेला घोडा याच मुलखात विकला जाई. दहा दिवसांत वीस हजार घोडे आणि त्यांचे मोतद्दार, सराफ, शिपाई, फकीर, कारकून तेथे जमत. ज्या सल्तनतीचे कारकून दरवाजातून कोण आत गेले हे लिहून ठेवत, तिच्या दप्तराला अग्निमुखी पक्षी चुकला आणि एका परक्या सौदागराला मात्र सापडला, हे मानणे अशक्य आहे.

बेटांवरचाच दाखला हवा असेल तर मी पोउआकाईचा देणार नाही, जावाच्या अहूलचा देईन, कारण आळंदचे खरे भावंड तोच आहे. १९२५ साली जावाच्या पश्चिम भागातील सालाक पर्वताच्या परिसरात अर्नेस्ट बार्टेल्स या निसर्गनिरीक्षकास एक प्रचंड पंखधारी प्राणी डोक्यावरून गेल्याचे आढळले, दोन वर्षांनी रात्री त्याचा ‘अहूऽऽल’ असा आवाज ऐकू आला, आणि पुढे आयव्हन सँडरसन या लेखकाने त्यातून माकडासारख्या तोंडाचे राक्षसी वटवाघूळ जगापुढे उभे केले. याही प्राण्याचे नाव त्याच्या आवाजावरून पडलेले आहे, हे लक्षात घ्यावे. जावाच्या त्याच अरण्यांत एक मोठे घुबड राहते, त्याचा एकसुरी, दूरवर जाणारा आवाज अहूलच्या वर्णनाशी जुळतो, आणि अनेक अभ्यासकांनी अहूल म्हणजे ते घुबडच असा निर्वाळा दिलेला आहे. त्या घुबडाचे शास्त्रीय नाव ‘बार्टेल्सी’ असे आहे, आणि ते या अर्नेस्टच्या वडिलांच्या, म्हणजे मॅक्स बार्टेल्स यांच्या, सन्मानार्थ ठेवलेले आहे. पित्याच्या नावाचा पक्षी अंधारात ओरडत होता आणि पुत्रास त्यात अद्भुत ऐकू आले. रात्र माणसाच्या कानाचे काय करते, याचा याहून हृद्य दाखला मला माहीत नाही, आणि त्याबद्दल मी अर्नेस्ट बार्टेल्स यांना मुळीच दोष देत नाही.

यावर अखेरचे अस्त्र म्हणून रानपिंगळ्याचे नाव घेतले जाते. नामशेष समजलेला हा छोटा घुबडकुळीचा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे कोणास दिसला नव्हता, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात आमच्याच महाराष्ट्रात, नंदुरबारकडे शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो पुन्हा सापडला. मग गुकुकही का सापडू नये? ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांनी तो शोध कसा लागला हे एकदा नीट वाचावे. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दंतकथेचा माग काढला नाही. संग्रहालयांतील मोजक्या सात कातड्यांची कसून तपासणी केली, आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीस मिळवल्याचे सांगून मायनरत्साघेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुढे केलेला नमुना हा वस्तुतः दुसऱ्याने एकोणिसाव्या शतकात मिळवलेला, चोरून, नव्याने शिवून आणि खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला आहे, हे उघडकीस आणले. ती खोटी चिठ्ठी ज्या ठिकाणाकडे बोट दाखवत होती तेथे पूर्वीचे शोध घेणारे व्यर्थ हिंडले होते. चिठ्ठी बाद झाल्यावर खरे नमुने जेथून आले त्या खानदेशाकडे शोधाची दिशा वळली, आणि पक्षी भेटला. खोटा कागद फेटाळल्यामुळे खरा पक्षी सापडला, हा या प्रकरणाचा धडा आहे. प्रतिपक्ष त्यातून नेमका उलटा अर्थ काढतो.

बिदरास पंखांचे अद्भुत नव्हतेच असे मात्र कोणी समजू नये. ते होते, आणि राजाश्रयाने नांदत होते. इराणी परंपरेतील हुमा पक्षी, ज्याची सावली ज्याच्या मस्तकावर पडेल तो राजा होतो, त्याच्याच नावावरून ‘हुमायून’ हा शब्द आला, आणि १४५८ ते १४६१ पर्यंत बिदरच्या तख्तावर बसलेल्या बहमनी सुलतानाचे नाव हुमायूनशाह होते. प्रजेने त्यास ‘जालिम’ म्हटले. अष्टूरच्या कबरस्तानात त्याची कबर आहे. वीज पडून तिचा घुमट दुभंगला असे सांगतात, आणि उरलेला अर्धा भाग आजही उघड्या जबड्यासारखा आकाशाकडे पाहत उभा आहे. मराठी पक्षिनामांत एका मोठ्या घुबडासही ‘हुमा घुबड’ असे म्हणतात. निकितीन बिदरास आला तेव्हा याच हुमायूनशाहाचा पुत्र तिसरा महंमदशाह राज्य करत होता आणि महमूद गावान कारभार पाहत होता. दरबारात एका कल्पित पक्ष्याच्या सावलीचे गोडवे गायले जात होते, आणि बारा कोसांवर खळ्यातली माणसे एका खऱ्या पक्ष्याच्या सावलीला भीत होती व भीत असूनही त्याला जगू देत होती. या दोहोंत मला आळंदकर अधिक मोलाचे वाटतात.

म्हणूनच, ‘सगळी अंधश्रद्धा’ म्हणून हात झटकणाऱ्या दुसऱ्या पक्षावर माझा अधिक राग आहे, कारण ते आपले आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. त्यांना मी विचारतो, त्या समजुतीचे कोणते अर्धे तुम्ही मोडले? घुबड घरावर बसले की अपशकुन, हा पूर्वार्ध गावोगाव जसाच्या तसा शाबूत आहे. उंबऱ्यावर कर्जाचा डोंगर उभा असताना सुशिक्षित घरांतूनही घुबड हाकलले जाते हे मी पाहिले आहे. मोडला गेला तो उत्तरार्ध. मारणाऱ्याच्या तोंडावर आता आग येत नाही आणि दगडासारखे कोणी झिजत नाही, एवढे मात्र सर्वांना पटले. कुंपण तेवढे काढून टाकले आणि भीती आत ठेवली. परिणाम असा की, ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० साली भारतातील घुबडांच्या चोरट्या व्यापारावर जो अहवाल काढला त्यात देशातील सुमारे तीस जातींपैकी पंधरा जाती बाजारात विकल्या जात असल्याचे नोंदले गेले, आणि दिवाळीच्या सुमारास लक्ष्मीप्राप्तीसाठी बळी देण्याकरिता ही मागणी वाढते असे दिसून आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा ठरवलेला आहे. कर्नाटकानेही २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. कायदे योग्यच आहेत. पण झिजणारा दगड विना-फौजदार, विना-पंचनामा प्रत्येक परसात हजर असे, तशी हजेरी कोणत्याही कायद्याला अद्याप साधलेली नाही.

बिदरच्या झरणी नरसिंहाच्या दर्शनास ज्यांनी जाऊन पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. छातीभर पाण्यातून, डोंगराच्या पोटातल्या त्या लांब भुयारातून भाविक हात जोडून पुढे सरकतात, आणि त्यांच्या डोक्यावर छताला वटवाघळांचे घोसच्या घोस लटकलेले असतात. कडेवर लेकरू घेतलेल्या बायका त्यांच्याखालून जातात. देवाच्या दारातला जीव तो, त्याला कोण काय म्हणणार, एवढ्याच भावनेने ती जागा त्यांना सोडून दिलेली आहे.

सबब माझे म्हणणे इतकेच आहे की, आळंदचा गुकुक ही अज्ञात प्राण्यांच्या यादीतली रिकामी जागा भरण्याची वस्तू नव्हे, आणि आपल्या पूर्वजांच्या मूर्खपणाचा पुरावाही नव्हे. तो घूक आहे, गूगे आहे, घुबड आहे. निकितीनने ऐकला तो आवाज आजही आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद आणि भालकीच्या शिवारांत ऐकू येतो. पडक्या गढ्या पाडताना, विहिरीकाठचा जुना वड तोडताना, चिंचेची ढोली सिमेंटने बुजवताना त्या शिवारातल्या माझ्या बांधवांनी एक दिवस थांबावे, संध्याकाळी तेथे उभे राहून आत कोणाचे बिऱ्हाड आहे ते पाहावे, आणि असल्यास ते झाड, ती भिंत या वर्षापुरती तरी राहू द्यावी, एवढी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.